पट्टीखालचे चार सेकंद

दुपारी एकच्या बातम्यांमध्ये, एक वाजून नऊ मिनिटांनी, एका जिवंत माणसाच्या छातीवर मेलेल्या माणसाचं नाव येऊन बसलं आणि उठायला तयार होईना. पडद्यावर नावं लावणारी ती स्टुडिओच्या काचेच्या अलीकडे आपल्या खुर्चीत होती. समोरच्या पडद्यावर आधी त्या दिवशी सकाळी वारलेले एक नावाजलेले सर्जन दिसले, बावीस वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा सत्कारात मानपत्र हातात घेताना. त्यांच्या खालून करड्या रंगाची पट्टी सरकत आली. वर नाव, त्याखाली जन्माचं साल, आडवी रेघ, मृत्यूचं साल. इथवर सगळं ठीक होतं. मग चित्र बदललं, सभागृहातली पहिली रांग आली, रांगेत एक चष्मेवाले गृहस्थ, त्यांच्या शेजारी एक बाई, आणि पट्टी गेलीच नाही. गृहस्थ मान किंचित तिरकी करून समोर बघत होते आणि त्यांच्या पोटाशी त्यांच्या मृत्यूचं साल लिहिलेलं होतं. तिचा हात आपोआप पुढे गेला, पडद्यावरचा डाग बोटाने पुसावा तसा. काचेवर बोट टेकलं तेव्हा कुठे तिला कळलं की आपण हात पुढे केलाय. तोवर निवेदिका पुढच्या बातमीवर गेली होती. चार सेकंद आणि वर थोडं. एरवी चार सेकंदांत ती एक घोट चहासुद्धा नीट घेऊ शकत नसे.

ती या वाहिनीत एकोणीस वर्षं पट्ट्या लावत होती. कार्यालयात सगळे तिला पट्टीताई म्हणत, नव्याने आलेल्यांना काही दिवस ते तिचं आडनावच वाटे. काम सांगायला सोपं होतं. बातमीची क्लिप तिच्याकडे यायची, ती खिडकीत उघडायची, खाली सेकंदांची लांबलचक रेषा असायची. बोलणारा माणूस कोण हे वार्ताहराच्या कागदावरून बघायचं, नाव आणि हुद्दा टाइप करायचा, आणि ते नाव एका पिवळ्या तुकड्याच्या रूपाने त्या रेषेवर ठेवायचं. तुकड्याची डावी कड म्हणजे नाव येण्याची वेळ, उजवी कड म्हणजे जाण्याची. माणूस बोलायला लागला की दुसऱ्या सेकंदाला नाव यायचं आणि चार सेकंद राहून जायचं. लवकर आलं तर लोक चेहरा बघत नाहीत, उशिरा आलं तर ऐकत नाहीत, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, हाताला कळलं होतं. मंत्री असो की गळक्या नळाची तक्रार करणारी बाई, तिच्याकडे दोघांना चारच सेकंद मिळत. पुढे पुढे ही सवय अंगात इतकी मुरली की लिफ्टमध्ये समोर उभ्या राहिलेल्या माणसाच्याही छातीखाली ती मनातल्या मनात पट्टी सरकवी, हुद्दा अंदाजाने लिही, आणि चार मोजून काढून घेई. घरी मात्र पट्टी लावावी असं कोणी नव्हतं.

चूक कशी झाली ते तिला शोधावं लागलं नाही. सकाळी हवामानाच्या एका तज्ज्ञाची मुलाखत होती, त्यात नाव शेवटपर्यंत ठेवायचं होतं, म्हणून तिने ‘क्लिप संपेपर्यंत’ या चौकटीत खूण केली होती. ती खूण तशीच राहिली. सर्जनांची क्लिप बातम्यांना सात मिनिटं उरली असताना आली, तिने डावी कड लावली, उजवी कड सर्जनांचं चित्र संपतं तिथे आणून सोडली, आणि खुणेमुळे ती उजवी कड मुकाट्याने क्लिपच्या टोकाला जाऊन चिकटली. वरची चौकट बघायला अर्धा सेकंदही लागला नसता. बुलेटिनचा प्रोड्यूसर काचेपलीकडून आत आला. तो काही बोलेल म्हणून ती उभी राहिली. तो म्हणाला, जाऊ द्या ताई, त्या वेळी लोक जेवत असतात, कोणी बघत नाही. तो मनाने चांगला माणूस होता, तिला बरं वाटावं म्हणूनच बोलला. पण तो गेल्यावर ते वाक्य खोलीतच राहिलं. कोणी बघत नसेल तर एकोणीस वर्षं ती कोणासाठी सेकंद मोजत होती, हे तिला कोणाला विचारता आलं नसतं. विचारलं असतं तर समोरच्याने तिला घरी जाऊन आराम करायला सांगितलं असतं.

पण कोणीतरी बघितलं होतं. सव्वादोनला खालच्या स्वागतकक्षातून फोन आला. एका वृद्ध गृहस्थांनी तीनदा फोन केला होता, ते म्हणत होते की तुमच्या हिशोबाने मी गेलोय, पुढे काय करायचं असतं ते सांगा. संपादकांनी पाचच्या बातम्यांत खुलासा वाचायचं ठरवलं, दिलगिरीचं पत्र तयार करायला सांगितलं, क्लिप साइटवरून काढून टाकली. नियमाप्रमाणे एवढं पुरे होतं. तिने स्वागतकक्षातून नंबर घेतला आणि जिन्याच्या वळणावर, जिथे सिगारेट ओढणारेही फारसे येत नसत, तिथे उभं राहून लावला.

फोन उचलणारा आवाज कोरडा आणि सावकाश होता. तिने वाहिनीचं नाव सांगितलं, झाल्या प्रकाराबद्दल माफी मागितली. गृहस्थ म्हणाले की ते त्या सर्जनांचे भूलतज्ज्ञ होते, तीस वर्षं ऑपरेशनच्या टेबलाशी उशाच्या बाजूला उभे राहिलेले.

“आणि मी सध्या जिवंत आहे,” ते म्हणाले. “सध्या म्हणजे अडीच वाजेपर्यंतचं सांगतो. ती पट्टी लावली कोणी?”

“मी.”

“तुमच्या हाताखाली कोणी नाही वाटतं.”

“नाही.”

“बरं आहे. नाहीतर त्याचं नाव सांगितलं असतंत.”

 तेच पुढे बोलायला लागले, आणि बोलत गेले ते तक्रारीचं नव्हतंच. त्यांनी बातम्या लावल्या होत्या त्या मित्राला बघायला. स्वतःला बघून त्यांना गंमत वाटली होती. पण शेजारी त्यांची बायको बसली होती. ती जाऊन सहा वर्षं झाली. फोटो होते, खोकंभर होते, पण फोटोत ती नेहमी फोटोतल्यासारखीच दिसायची, कोणी कॅमेरा काढला की तिचा चेहरा गावाला जायचा. हलताना, मान वळवताना ती कुठे टिपलेली असेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. आज टीव्हीवर ती हलली. तेही फक्त चेहऱ्यापुरती, कारण हनुवटीच्या खाली सगळी पट्टी होती.

“मला एवढंच विचारायचंय,” ते म्हणाले, “ती पट्टी काढली तर खाली काय आहे?”

तिने सांगितलं की बघते. फोन ठेवून ती जिना उतरायला लागली. एकोणीस वर्षांत तिला नाव चुकल्याबद्दल फोन आले होते, हुद्दा चुकल्याबद्दल आले होते, पट्टीचा रंग आवडला नाही म्हणूनही एकदा आला होता. पट्टीच्या खाली काय असतं हे कोणी विचारलं नव्हतं. तिनेही कधी विचार केला नव्हता. खाली बहुतेक टेबलं असतात, शर्टाची बटणं असतात, नाहीतर वार्ताहराचा माइक धरलेला हात.

जुन्या चित्रणांचा सांभाळ तळघरात होता. तिथे बसणाऱ्या माणसाला सगळे गोदामकाका म्हणत. यंत्रं थंड ठेवायची म्हणून तिथे सदाची हुडहुडी असे, आणि काका बारा महिने स्वेटर घालून बसत, त्यामुळे वर जेवायला आले की ते दुसऱ्या ऋतूतून आल्यासारखे वाटत. बाहेर काही द्यायचं तर संपादकांची चिठ्ठी लागते, ते म्हणाले. संपादकांनी चिठ्ठी दिली, माणूस कोर्टात जात नाही एवढ्यावर ते खूश होते. काकांनी मूळ चित्रण काढून दिलं. बातमीत चार सेकंद वापरलेल्या त्या पहिल्या रांगेचं मूळ चित्रण एक्केचाळीस सेकंदांचं होतं.

पाचच्या बातम्या झाल्यावर, शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या झाल्या तेव्हा तिने ते उघडलं. सुरुवातीचे काही सेकंद काहीच नव्हतं, लोक टाळ्या वाजवत होते, भूलतज्ज्ञही वाजवत होते. टाळ्या थांबल्या. मंचावरून कोणाचं तरी लांबलेलं भाषण ऐकू येत होतं. मग ती बाई, बारीक चणीची, केस मागे घट्ट बांधलेले, नवऱ्याकडे झुकली आणि त्यांच्या डाव्या कानाशी काहीतरी म्हणाली. ते समोर बघत राहिले. तिने त्यांची कोटाची बाही दोन बोटांनी धरून ओढली, एकदा, मग पुन्हा एकदा. ते समोरच बघत राहिले, चेहरा दगडासारखा. बाईने हात मागे घेतला, मांडीवरच्या पर्सवर ठेवला आणि खाली बघत त्या पर्सवरून उगाच हात फिरवत राहिली. पट्टीच्या खाली हे होतं. ते चार सेकंद नेमके यातलेच होते.

तिने ते पुन्हा बघितलं. मग एकेक चौकट पुढे सरकवत बघितलं. एका सेकंदात अशी पंचवीस स्थिर चित्रं, पंचवीस चौकटी. अकराव्या चौकटीला बाईची बोटं बाहीला लागत होती. सतराव्या चौकटीला कापडाला चुणी पडत होती. म्हणजे ओढलेलं त्यांना कळलं असणारच, एवढी चुणी पडल्यावर न कळायला माणूस काही लाकडाचा नसतो. ती तीसेक वेळा बघत राहिली आणि प्रत्येक वेळी तिला वाटत राहिलं की या वेळी ते मान वळवतील. हे असं वाटणं किती वेडेपणाचं आहे हे तिला कळत होतं, आणि चौकट पुढे सरकवणारं बोट थांबत नव्हतं. कधीतरी मध्येच तिचं मन त्या सभागृहातून निघून आपल्या घरी, स्वयंपाकघराच्या दारात पोचलं. आठ वर्षांपूर्वीची संध्याकाळ. सुट्टीचा दिवस होता, पण तिने लावलेली एक पट्टी सातच्या बातम्यांत येणार होती आणि ती वेळेवर येते का हे बघायला ती टीव्हीसमोर बसली होती. नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, भांडी घासून हात ओले होते, आणि तो काहीतरी म्हणाला. ती म्हणाली, एक मिनिट. पट्टी आली, अगदी वेळेवर आली, चार सेकंद राहिली, गेली. तिने मान वळवली तेव्हा दार रिकामं होतं आणि आत नळ सुरू होता. रात्री जेवताना त्याने सांगितलं की सहा तासांवरच्या गावी पाणीपुरवठ्याच्या कामावर त्याची बदली होतेय आणि त्याने हो म्हटलंय. तिने विचारलं, मगाशी हेच सांगत होतास का? तो म्हणाला, मगाशी कधी?

भांडण असं झालंच नाही. पहिल्या वर्षी तो दर पंधरवड्याला यायचा, मग महिन्याने, मग कोणाचं लग्न किंवा मयत असेल तेव्हा. मग फोन. फोनवर दोघं एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करत, दूरच्या नातेवाइकांसारखी, गुडघा कसा आहे, पित्त कसं आहे. वेगळं व्हायचं असं कोणी म्हटलं नाही, कारण एकत्र नाही असंही कोणी म्हटलं नव्हतं. कार्यालयाच्या अर्जात ती विवाहित लिही. आपत्कालीन संपर्कात त्याचा नंबर देई. आपल्याला चक्कर आली तर कार्यालयातले लोक सहा तासांवरच्या माणसाला फोन करणार, आणि तो म्हणणार, बरं, हे तिला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी तो दारात काय म्हणाला असेल याचा विचार तिने आठ वर्षांत फार केला नव्हता. आता कोटाच्या बाहीवरची ती चुणी बघताना मात्र तो विचार मनातून जाईना.

हे त्या म्हाताऱ्याला कसं दाखवायचं? ते एकटे राहत होते, फोनवर तसं म्हणाले होते. ते बघतील, मग पुन्हा बघतील. तिला इथे बंद करून घरी तरी जाता येत होतं, त्यांच्या घरातच ते राहणार होतं. तिच्या हातात हत्यार होतंच. तिने क्लिपची एक प्रत काढली आणि बाई झुकायला लागण्याच्या आधी कापली. टाळ्या, टाळ्यांनंतर स्थिर बसलेली बाई, एकदा डोळ्यांवरची बट मागे सारते तो क्षण, एवढं ठेवलं. तेवीस सेकंद. सुबक काम झालं होतं. मग पेन ड्राइव्हवर तिने कापलेली प्रत ठेवली आणि तिच्या शेजारी अख्खी.

गुरुवारी तिची सुट्टी असे. अकराच्या सुमारास ती त्यांच्या घरी गेली. तिसरा मजला, लिफ्ट बंद. दार उघडून त्यांनी तिच्याकडे क्षणभर बघितलं आणि म्हणाले, मिनिटाला चोवीस श्वास, बसा आधी, पाणी मग देतो. ते उंच होते, पाठीतून वाकलेले, विटक्या स्वेटरच्या कोपरांना ठिगळं होती आणि ती ठिगळं फार व्यवस्थित शिवलेली होती. खोली स्वच्छ आणि थोडी रिकामी. खिडकीशी एक खुर्ची, टीव्हीसमोर एक कोच, भिंतीवर एक मोठं घड्याळ ज्याचा सेकंदकाटा स्पष्ट ऐकू येत होता. ती कोचाच्या एका टोकाला बसायला गेली तर ते म्हणाले, तिथे नको, या बाजूला. कॉफी केली, दूध मापाने घातलं. त्यांना या कामाबद्दल सगळं जाणून घ्यायचं होतं, पट्टी कशी लावतात, किती वेळ ठेवतात, चारच का. सहा ठेवली तर काय होतं? तिने सांगितलं की लोकांना वाटतं काहीतरी बिघडलंय. ते म्हणाले, भूल देतानाही असंच, जास्त दिली की नातेवाईक विचारतात. मग त्यांनी पेन ड्राइव्हसाठी हात पुढे केला.

तिने कापलेली प्रत लावली. तेवीस सेकंद ते टीव्हीपासून दोन हातांवर उभे राहून बघत होते. बायकोने बट मागे सारली तेव्हा त्यांच्या घशातून एक बारीक आवाज आला, खोकल्यासारखा. पुन्हा, ते म्हणाले. तिने पुन्हा लावली. तिसऱ्या वेळी ते वाकून चष्म्याच्या खालच्या भागातून बघत होते.

“पुढचं कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

ती म्हणाली की एवढंच मिळालं. खोटं बोलताना तिचा आवाज फार नीट निघाला.

“बाई, मी चाळीस वर्षं झोपलेल्या माणसांकडे बघण्याचं काम केलंय,” ते म्हणाले. त्यांचा सूर मऊ होता. “खांदा एवढासा हलला तरी मला कळायचं, की आता हा उठणार. शेवटच्या क्षणाला हिचा खांदा हललाय. ती माझ्याकडे वळणार आहे, त्या दिवशी टीव्हीवर वळली तशी. तुम्ही कापलंत.”

तिने मान खाली घातली. मग उठून दुसरी, अख्खी प्रत लावली, आणि त्यांच्याकडे बघायला नको म्हणून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. टाळ्या झाल्या. भाषण सुरू झालं. आता ती झुकली असेल, आता बाही, आता दुसऱ्यांदा. आता पर्स. तिने ओठ घट्ट मिटले होते.

म्हातारा हसत होता. तिला आधी वाटलं रडतोय, म्हणून तिने मान वळवली. ते हसत होते, तोंडावर हात ठेवून, शाळेतल्या पोरासारखे, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं त्याची त्यांना पर्वा नव्हती.  मग त्यांनी कोचाच्या ज्या टोकाला तिला बसू दिलं नव्हतं तिथे बोट दाखवलं, मग स्वतःच्या डाव्या कानाकडे. हा कान लहानपणी गालगुंड झाले तेव्हाच गेलेला, ते म्हणाले. ठार बहिरा. लग्न झाल्यावर महिन्याभरात हिने ते हेरलं आणि तेव्हापासून ती कायम डाव्या बाजूला बसायची. कुठलाही समारंभ असो, कोणाचं भाषण असो, मनात जे जे येईल ते सगळं या कानात सांगायची. मंचावरच्या लोकांबद्दल असणार, त्यांच्या टकलाबद्दल, माझ्या वरिष्ठांबद्दल, बहुधा माझ्या आईबद्दलसुद्धा. तिला बोलायला मिळायचं आणि मला हसू येण्याची भीती नाही. आणि बोलून झालं की बाही ओढायची. म्हणजे आता गंभीर चेहरा कर. मला ऐकू काहीच यायचं नाही, पण बाही ओढली की मी असा दगड व्हायचो, बघा.

तिने विचारलं, मग त्या काय म्हणाल्या ते तुम्हाला कधीच कळलं नाही?

“कधीच नाही. घरी येऊन विचारलं की म्हणायची, तुझ्या कानाला विचार.” त्यांनी चष्मा पुसला. “चाळीस वर्षं बोलली त्या कानात. सगळं तिथेच कुठेतरी साठलं असणार.”

मग त्यांनी तिला पुन्हा लावायला सांगितलं आणि या वेळी टीव्हीच्या काचेवर बोट ठेवून दाखवलं. ती खाली बघतेय ना, पर्सवरून हात फिरवतेय, तेव्हा तिचा चेहरा बघू नका, खांदे बघा. तिने खांदे बघितले. ते हलत होते. अगदी बारीक, एका लयीत. पर्सवर मान घालून ती बाई हसू दाबत होती. तीसेक वेळा, एकेक चौकट सरकवत बघितलेल्या त्या चित्रात हे सगळा वेळ होतं, आणि सेकंदाचे पंचवीस तुकडे करूनही तिला ते दिसलं नव्हतं.

निघताना त्यांनी दारात तिला थांबवलं. एक काम होतं, जमलं तर. बायकोचं नाव कधी कुठे आलं नव्हतं. ती शाळेत गणित शिकवायची, निवृत्त झाली, संपलं, वर्तमानपत्रात दोन ओळीही आल्या नाहीत कारण त्यांनीच दिल्या नव्हत्या, तेव्हा सुचलंच नाही. या चित्रात तिच्या नावाची पट्टी लावता येईल का? ती म्हणाली येईल, पण खाली लावली तर हात झाकले जातील. वरच्या कोपऱ्यात लावते. नियमात बसत नाही, पण हे काही प्रसारित व्हायचं नाही. तिने विचारलं, किती वेळ ठेवू? म्हणाल तर पूर्ण एक्केचाळीस सेकंद ठेवते.

त्यांनी उलट विचारलं, “सगळ्यांना चारच मिळतात म्हणालात ना?”

“हो.”

“मग चारच ठेवा. वशिल्याने काही घेणारी नव्हती ती.” आणि मग, तिची चप्पल घालून होईपर्यंत थांबून, त्यांनी विचारलं, “तुमच्या घरी कोण असतं?”

“आम्ही दोघं,” ती म्हणाली. सवयीने तोंडातून गेलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं, दार उघडल्यावर बघितलं होतं तसंच, श्वास मोजल्यासारखं, आणि म्हणाले, सावकाश उतरा, जिन्याच्या दुसऱ्या वळणावर दिवा नाही.

शुक्रवारी सकाळच्या बातम्यांआधी तिने ती पट्टी केली. नाव, त्याखाली ‘गणिताच्या शिक्षिका’. ‘क्लिप संपेपर्यंत’ची चौकट तिने तीनदा तपासली. बाई नवऱ्याकडे झुकते त्याच्या दुसऱ्या सेकंदाला नाव यायचं आणि तिने पर्सवर मान घातली की जायचं, म्हणजे हसणारे खांदे मोकळे राहावेत. क्लिप पाठवून दिली. दिवसभर दुसरी कामं केली, एक पूल, एक निवडणूक, दूध संघाचा अध्यक्ष. प्रोड्यूसरने दुपारी सहज विचारलं की त्या म्हातारबुवांचं काय झालं, आणि तिने सांगितलं की मिटलं.

संध्याकाळी घरी येऊन तिने हातपाय धुतले आणि साडेसातच्या सुमारास नवऱ्याला फोन लावला. तिची फोन करण्याची वेळ ही नव्हती, म्हणून तो आधी घाबरला, बरी आहेस ना, काय झालं. काही नाही, ती म्हणाली, एक गंमत सांगायचीय. आणि तिने त्याला सगळं सांगितलं, चुकलेली खूण, करडी पट्टी, चोवीस श्वास, बहिरा कान. स्वतःच्या आवाजाचं तिलाच नवल वाटत होतं, इतकं सलग ती त्याच्याशी कित्येक वर्षांत बोलली नव्हती. तो ऐकत होता. मध्येच हं म्हणत होता. तुझ्या कानाला विचार, इथे तो हसला, त्याचं ते जुनं नाकातून येणारं हसू, आणि तिला वाटलं, आता विचारावं. त्या दिवशी दारात उभा राहून तू काय म्हणालास? आठवत नसलं तरी चालेल. गॅस बंद केलास का, असंही असेल, तरी चालेल. तिने वाक्य जुळवलं, श्वास घेतला.

पलीकडे, त्याच्या मागून, कोणीतरी हाक मारली. बाईचा आवाज होता. त्यात घाई नव्हती, चोरटेपणाही नव्हता. रोज याच वेळेला मारली जाणारी हाक होती ती. दोन अक्षरी, लाडाचं नाव. चौदा वर्षं ती त्या माणसाबरोबर एका घरात राहिली होती, त्याची घरातली, मित्रांमधली, शाळेतली सगळी नावं तिला पाठ होती. हे नाव तिला माहीत नव्हतं.

  फोन कानाला तसाच होता आणि त्यातून एक खोली ऐकू येत होती. खुर्ची सरकली. टेबलावर ताटली ठेवल्याचा आवाज आला, मग आणखी एक, आणि मग एक लहान, हलकी, बहुधा स्टीलची.

“बोलावतायत तुला,” ती म्हणाली.

“हो,” तो म्हणाला. आणि मग, “मी सांगणार होतो.”

“जा. गार होईल.”

“तू नीट आहेस ना?”

तिने खरंच क्षणभर तपासून बघितलं, हात, पाय, छाती, जसं पडल्यावर माणूस उठायच्या आधी बघतो. “आहे,” ती म्हणाली, आणि तो ठेवायची वाट न बघता तिनेच फोन ठेवला. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीत दिवे लागत होते. ती उठून स्वयंपाकघरात गेली, कुकर काढला, एका माणसापुरते तांदूळ मोजून घेतले, आणि मग त्यांत आणखी एक मूठ घातली, कारण तिला कडकडून भूक लागली होती.